‘ऑन्डीन’ कसा बघावा, आणि त्यातला सावलीचा नाच गॅदरिंगला करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तेरा वर्षांची, लहानपणापासून बॅले शिकते, गेल्या वर्षापासून पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहायचे टणक बूट) घालते. तिने ‘ऑन्डीन’ या बॅलेतला सावलीचा नाच पाहिला आणि आता डिसेंबरच्या गॅदरिंगला तोच करायचा म्हणून हट्ट धरून बसली आहे. आईने अख्खा बॅले बघायला घेतला, तर संगीत डोक्यावरून गेलं, गोष्ट मध्येच सुटली, आणि ‘हे स्वान लेकच वेगळ्या कपड्यांत आहे का’ अशी शंका आली. मुलीला हा नाच करू द्यावा का, हा शेवटचा सवाल.

ताई, शेवटच्या सवालाचं उत्तर आधी देते. सावलीचा नाच जरूर करू द्या, पण हा बॅले बसवणाऱ्या फ्रेडरिक अ‍ॅश्टनचा नको. त्याच कल्पनेवर तिच्या बाईंनी स्वतः बसवलेला चालेल, आणि पॉइंट शूज नकोत. का ते सांगते, पण आधी बॅलेविषयी. कारण तो नाच कशासाठी आहे हे कळलं नाही तर मुलगी नुसती हात हलवत फिरेल.

मूळ गोष्ट जर्मन आहे. फ्रीडरिश द ला मोत फूके या लेखकाची ‘उंडीना’, तीच ही ऑन्डीन, 1811 साली आली. पाण्यातल्या जीवांना आत्मा नसतो, माणसाशी लग्न झालं तरच तो मिळतो, ही त्यामागची समजूत सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याने लिहून ठेवलेली. फूकेची उंडीना कोळ्याच्या घरी वाढलेली, अल्लड, कुणाचं न ऐकणारी पोर. हुल्डब्रांट नावाच्या सरदाराशी लग्न होतं, तिला आत्मा मिळतो, आणि त्याच्याबरोबर दुःख करायची ताकदही मिळते. लग्नानंतर ती एकच गोष्ट मागते, की पाण्यावर असताना मला टाकून बोलू नकोस. डॅन्यूब नदीवर नावेत असताना तो नेमकं तेच करतो. ती पाण्यात परत जाते, तो दुसरं लग्न करतो, आणि पाण्याच्या कायद्याप्रमाणे तिलाच येऊन त्याचा जीव घ्यावा लागतो.

शंतनू आणि गंगेची गोष्ट आपल्याला पाठ असते, त्यामुळे ही अट ओळखीची वाटेल. मला विचारू नकोस, टोकू नकोस, टोकलंस तर मी निघाले. पण गंगा देवी आहे, जाताना तिचं काही हरवत नाही. उंडीनाकडे लग्नाआधी नव्हतं असं काहीतरी आलेलं असतं आणि ते घेऊनच तिला नवऱ्याला मारायला यायचं असतं. बॅलेचा शेवट बघताना हा फरक ध्यानात ठेवा, नाहीतर ती सूड घ्यायला आली आहे असं वाटतं.

आता ‘स्वान लेक’. गोष्ट ती नाही, पण तुम्हाला वास बरोबर आला. ‘स्वान लेक’चं संगीत लिहिणाऱ्या चायकोव्हस्कीने त्याआधी, 1869 मध्ये, फूकेच्या याच कथेवर ऑपेरा लिहिला होता. थिएटरने तो नाकारला आणि त्याने हस्तलिखित नष्ट केलं, थोडे तुकडे तेवढे वाचले. त्यातलं नायक-नायिकेचं युगुलगीत त्याने पुढे ‘स्वान लेक’मध्ये वापरलं. तळ्याकाठी हंसिणी झालेली ओडेट आणि राजपुत्र पहिल्यांदा एकत्र नाचतात तेव्हा व्हायोलिन आणि चेलो एकमेकांशी बोलतात, तेच ते. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध हंसिणी ज्या चालीवर नाचते ती मुळात पाण्यातल्या पोरीची आहे.

तुम्ही पाहिला तो बॅले अ‍ॅश्टनचा. 27 ऑक्टोबर 1958 रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये रॉयल बॅलेने तो पहिल्यांदा केला. ऑन्डीन मार्गो फॉन्टेन, नायक पॅलेमॉन मायकेल सोम्स, त्याची वाग्दत्त बर्टा ज्युलिया फॅरन, आणि समुद्राचा स्वामी तिरेनिओ अलेक्झांडर ग्रांट. अ‍ॅश्टनने डॅन्यूब सोडून भूमध्य समुद्र घेतला आणि गोष्ट पुष्कळ छाटली. ती अशी: पॅलेमॉन बर्टाला ताईत देऊ करतो, ती त्याला किंमत देत नाही. तो एकटा असताना कारंज्यातून ऑन्डीन येते. ती पळते, तो तिच्यामागे जंगलात जातो, तिरेनिओ आडवा येतो, तरी एक बैरागी त्यांचं लग्न लावतो. दुसरा अंक बंदर आणि जहाज. बर्टाही त्याच जहाजावर असते, ऑन्डीनच्या गळ्यात ताईत बघून ती भडकते, तिरेनिओ तो हिसकावून नेतो. ऑन्डीन बिचारी भरपाई म्हणून पाण्यातून हार काढून बर्टाला देते, बर्टा तो तिच्याच पायाशी फेकते, खलाशी बिथरतात, वादळ होतं. तिसऱ्या अंकात पॅलेमॉन आणि बर्टाचं लग्न झालेलं आहे. ऑन्डीन परत येते. तिच्या चुंबनाने तो मरणार हे दोघांनाही माहीत असतं.

बहुतेकांची गोष्ट सुटते ती तिसऱ्या अंकात, आणि त्यात तुमचा दोष नाही. पाहुण्यांच्या करमणुकीचे नाच तिथे इतके लांबतात की पॅलेमॉनच्या मनात काय चाललंय याचा धागा प्रेक्षकाच्या हातून निसटतो. जुन्या पठडीच्या बॅलेत शेवटच्या अंकात असे नाच असतातच, पण ‘स्लीपिंग ब्यूटी’त गोष्ट संपलेली असते म्हणून ते खपतात. इथे गोष्ट टांगणीला लावून पाहुणे नाचत बसतात. घरी बघत असाल तर हा भाग खुशाल पुढे ढकला, मी कुणाला सांगणार नाही.

संगीत हान्स व्हेर्नर हेन्झेचं. अ‍ॅश्टनला आधी विल्यम वॉल्टन हवा होता. त्याला सवड नव्हती, म्हणून त्याने या तरुण जर्मनाचं नाव सुचवलं. हेन्झे 1953 मध्ये जर्मनी सोडून इटलीत आला होता आणि इस्किया बेटावर वॉल्टनच्या शेजारीच राहत होता. पहिल्या प्रयोगाला वाद्यवृंद त्यानेच चालवला, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. आता गंमत बघा. लीला द नोबिलीचे पडदे आणि कपडे अगदी एकोणिसाव्या शतकातले, धूसर वाडे, धुकं, जाळीदार झगे. नाच शास्त्रशुद्ध बॅलेचा. आणि स्टेजपुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून येणारं संगीत मात्र 1958 चं. तुम्हाला जे खटकलं ते तेव्हाच्या लंडनकरांनाही खटकलं होतं. फॉन्टेनवर सगळे खूश, संगीतावर नाक मुरडणारे पुष्कळ.

ऐकायची एक युक्ती सांगते. चाल शोधू नका. वर्गात आम्ही आठाच्या मोजणीवर वाढतो, ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हटलं की पाय आपोआप तयार होतात. हेन्झेच्या संगीतात अनेक ठिकाणी तो आठ येतच नाही. वाक्य मध्येच लांबतं, मध्येच आखडतं. अशा संगीतावर नाचणारी मुलगी आकडे धरून फार काळ तरत नाही, तिला वाद्य धरावं लागतं: आत्ता वीणेसारखं वाजणारं हार्प आलं की वळायचं, बासरी थांबली की हात सोडायचा. प्रेक्षकानेही तेच करावं. पहिल्यांदा ऑन्डीनचं प्रवेशसंगीत नुसतं डोळे मिटून ऐका, मग चित्रासकट. संगीत एकदम मवाळ वाटायला लागतं. ऑलिव्हर नसेनने लंडन सिन्फोनिएटाबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण त्यासाठी उत्तम आहे.

नाच बघताना सवयीचा एक डोळा बंद ठेवावा लागतो. आपण बॅले बघतो तेव्हा नकळत पोझ मोजत असतो. पाय कानाला लागला, बत्तीस चकरा झाल्या, टाळी. ‘ऑन्डीन’मध्ये तशी टाळीची जागा क्वचित सापडते. ऑपेरात गाणं आणि गाण्यामधलं बोलणं वेगळं ओळखू येतं, तसा भेद नाचात उरू नये, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखं सगळं सलग चालावं, असं अ‍ॅश्टनने स्वतः म्हटलं होतं. त्यामुळे एका पोझपासून दुसरीपर्यंत ती कशी जाते तिकडे बघायचं. खरा बॅले तिथे आहे.

हे जवळून दिसतं ते हातांत. साधा हात वर नेऊन खाली आणायचा आहे असं समजा. वर्गातली मुलगी पूर्ण हात एकदम आणते, शिकवलेल्या गोल आकारात. ऑन्डीनचा हात खाली येतो तेव्हा आधी पाठ सैल होते, मग खांदा, मग कोपर बुडतं, मनगट त्याच्या मागे रेंगाळतं, आणि कोपर पुन्हा वर निघालेलं असताना बोटं अजून खालीच जात असतात. ती शेवटी पोचली असं होतच नाही, कारण बोटं पोचेपर्यंत पुढची हालचाल सुरू झालेली असते. आरशासमोर करून बघा, दोन मिनिटांत कोपर दुखायला लागेल. आणि वरती हे संथ चाललेलं असताना खाली पाय पॉइंटवर बारीक बारीक बुरे (छोटी, भराभर पावलं) करत धावत असतात. कंबरेपासून वर एक गती, खाली दुसरी. अ‍ॅश्टनच्या सगळ्याच कामात हे असतं. लिमा शहरात तेरा वर्षांचा असताना त्याने अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीला पाहिलं आणि तिच्या कंबरेतल्या बाकाचं, मानेच्या वळणाचं वेड आयुष्यभर सुटलं नाही. (ती पाव्हलोव्हा पुढे मुंबईतही नाचून गेली.)

पहिल्या अंकातली दोन ठिकाणं मात्र तुम्ही नि मुलीने मिळून पुन्हा पुन्हा बघा. एक, सावली. दुसरं, पॅलेमॉन तिला धरतो आणि तिचा हात स्वतःच्या छातीवर ठेवतो. तिला हृदय काय असतं ते माहीत नाही. हाताखाली काहीतरी धडधडतंय म्हणून ती दचकून मागे होते, मग कुतूहलाने परत येते. प्रेमाचं दृश्य म्हणून बॅलेत काय काय उचलाउचल चालते, इथे एक तळवा आणि एक दचकणं एवढ्यावर काम झालं आहे. 1958 साली फॉन्टेन 39 वर्षांची होती आणि जुन्या चित्रीकरणात त्या क्षणी ती एखाद्या लहान मुलीसारखी घाबरते. तिला पाण्यात पोहायचं वेड होतं आणि अ‍ॅश्टन तिला पंचवीसेक वर्षं रोज बघत आलेला, त्यामुळे भूमिका तिच्या अंगावर बेतून शिवलेली. त्याचाच पुढे त्रास झाला. 1966 नंतर बॅले बंद पडला तो थेट 1988 मध्ये अँथनी डॉवेल रॉयल बॅलेचा संचालक असताना परत आला, मारिया आल्मेडाला घेऊन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅश्टन गेला, आणि मृत्युपत्रात ‘ऑन्डीन’चे हक्क त्याने फॉन्टेनच्या नावे ठेवले होते. तुम्हाला बघायला 2009 चं चित्रीकरण सोयीचं पडेल, मियाको योशिदा आणि एडवर्ड वॉटसनचं. योशिदाचे पाय काय बोलतात! फॉन्टेनचं हवं असेल तर पॉल झिनरने कोव्हेंट गार्डनमध्ये चित्रित केलेला ‘द रॉयल बॅले’ हा चित्रपट शोधा, त्यात ‘ऑन्डीन’ आहे.

आता सावली. ही कल्पना अ‍ॅश्टनची नाही, त्याच्याहून 115 वर्षं जुनी आहे. 22 जून 1843 रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये ज्यूल पेरोचा ‘ऑन्डीन’ आला. हा पेरो म्हणजे त्याआधी दोन वर्षं ‘जिझेल’ हा बॅले बसवण्यात ज्याचा हात होता तो. संगीत सेझारे पुन्यीचं, ऑन्डीन झाली फॅनी चेरितो, आणि गोष्ट सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या मात्तेओ नावाच्या कोळ्याची. तिथे ऑन्डीन माणसाचं रूप घेते आणि चांदण्यात तिला पहिल्यांदा स्वतःची सावली दिसते. पाण्यातल्या जीवाला सावली नसते, माणसाला असते. सावली पडली याचा अर्थ आपण आता मरू शकतो. ती मात्र खेळत बसते: धरायला जाते, सावली सरकते, ही मागे फिरते, ती पाठलाग करते. बघणाऱ्याला कळलेलं असतं ते तिला कळलेलं नसतं. त्या नाचाचा सगळा जीव यात आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगितलं तर चटकन समजतं. मोठ्या बायकांना अभिनय शिकवावा लागतो.

तर गॅदरिंगकडे येऊ. अ‍ॅश्टनचा नाच का नको? एक कारण कायद्याचं. आपल्याकडे नृत्यरचना लिहून किंवा चित्रित करून ठेवलेली असेल तर तिला नाट्यकृतीसारखंच कॉपीराइटचं संरक्षण मिळतं आणि ते निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतं. अ‍ॅश्टन 1988 मध्ये गेला, हेन्झे 2012 मध्ये. ‘शाळेचाच तर कार्यक्रम आहे’ असं म्हणून बरेच जण व्हिडिओवरून जसंच्या तसं उचलतात, मग तिकीट लावतात, मग नेटवर टाकतात. त्या भानगडीत पडू नका. दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं: व्हिडिओवरून उचललेला अ‍ॅश्टन म्हणजे पोझची यादी होते, आणि वर सांगितलं तसं, पोझ वजा केल्यावर जे उरतं तेच यात बघायचं आहे.

पुन्यी 1870 मध्येच वारला, त्याच्या रचनांवर आता कुणाचा हक्क नाही. ध्वनिमुद्रण कोणतं वापरता त्याचे हक्क वेगळे, तेवढं शाळेकडून बघून घ्या. वर्गात पियानो वाजवणारं कुणी असेल तर प्रश्नच मिटला. पुन्यीचं संगीत आठाच्या मोजणीत चोख बसतं, मुलीला सोपं जाईल. पियर लाकोतने 2006 मध्ये पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरसाठी पेरोचा ‘ऑन्डीन’ नव्याने उभा केला, तोही नक्कल करू नका, पण हात कुठे जातात ते बघायला हरकत नाही.

पॉइंट शूजबद्दल: एक वर्ष म्हणजे काहीच नाही. भिंतीलगतच्या बारला धरून उभं राहणं निराळं, आणि मान खाली घालून, नजर जमिनीवरच्या सावलीवर ठेवून पॉइंटवर पळणं निराळं. नजर खाली गेली की तोल जातो, आणि मग घोटा वळतो. साध्या मऊ बुटांत, डेमी-पॉइंटवर (नुसत्या टाचा उचलून) करू द्या. तिच्या बाई याला नाही म्हणणार नाहीत, म्हटल्याच तर त्यांचं ऐका, मुलीचे पाय त्यांनी पाहिलेत, मी नाही.

आणि प्रकाश. सगळे प्रयोग इथे बोंबलतात. सावलीच्या नाचाला सावली लागते हे लाइटवाल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो उत्साहाने सगळे एलईडी निळे करतो, धुराचं मशीन सोडतो, आणि स्टेजवर सावली शोधून सापडत नाही. दिवे जितके जास्त तितक्या सावल्या जास्त आणि फिकट. सावली एकच हवी असेल तर दिवा एकच हवा. बाकीचे नुसते मंद करून भागत नाही, त्या दोन मिनिटांपुरते विझवायलाच लावा. हा एक दिवा डोक्यावरून नको, सावली पायाखालीच गोळा होईल. समोरच्या एका कोपऱ्यातून, मुलीच्या कंबरेच्या उंचीवरून तिरका मारायला सांगा, म्हणजे सावली लांब पडून मागच्या पडद्यावर चढेल. पडदा पांढरा किंवा फिका राखी. काळ्या पडद्यावर सावली पडते, दिसत नाही, आणि बहुतेक हॉलमध्ये काळाच असतो, म्हणून आधी जाऊन बघा. ती दिव्याकडे सरकली की सावली मोठी होईल, लांब गेली की लहान. हे तिच्या बाईंना नाच बसवण्याआधी माहीत असेल तर त्यावरच पावलं रचता येतील.

घरी सरावाला हॉलमधले दिवे बंद करून टेबललॅम्प एका खुर्चीवर ठेवा. पहिले काही दिवस संगीत लावूच नका. तिला नुसतं सावलीशी खेळू द्या आणि नजर खरोखर सावलीवर आहे की प्रेक्षकांवर, एवढंच तुम्ही बघा. पायांचं तिच्या बाई बघतील.